तखफीफीचा कागद

॥ श्री ॥

नौबाद, बिदर
रविवार, ता. ४ फेब्रुवारी १९५१

तीर्थरूप मामांस,

अंबुजेचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक आहोत. आईचा गुडघा थंडीने धरला होता, तो आता सुटत चालला आहे. तुमच्या उजव्या डोळ्याला डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळवावं. हे पत्र मोठं होणार आहे, तेव्हा दिवसा उजेडात आणि थांबून थांबून वाचावं.

मागच्या पत्रात, म्हणजे ता. २१ जानेवारीच्या, मी दोन गोष्टी चुकीच्या लिहिल्या. त्या दुरुस्त केल्याशिवाय मला पुढचं काही लिहिता येत नाही. पहिली चूक लिहायला सोपी आहे, म्हणून ती आधी.

आपल्या नेमाप्रमाणे त्या पत्रात मी एक इंग्रजी शब्द पाठवला होता, रिट्रेंचमेंट. अर्थ ‘कपात’ असा दिला, तो बरोबर आहे. उगम चुकला. ट्रेंच म्हणजे खंदक, त्यावरून हा शब्द निघाला, आणि किल्ल्यातले लोक मागे सरून आत नवा खंदक खणतात तसं सरकार खर्चातून मागे सरतं, असं मी लिहिलं. लिहिताना ते मला फार शोभून दिसलं. इथल्या किल्ल्याचा तिहेरी खंदक डोळ्यांपुढे होता. गोष्ट एकदा जुळली की मी तपासणं सोडून देते. हा माझा दोष तुम्ही लहानपणापासून पाहिला आहे.

मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाईंकडे जाड कोश आहे. त्यांच्या घरी बसून पाहिलं. मूळ फ्रेंच शब्द ‘कापून टाकणे’ असा आहे. त्याच्याही मागे लॅटिन आहे, झाडाच्या फांद्या छाटून नुसता बुंधा ठेवणे. ट्रेंच म्हणजे जमिनीला दिलेला काप, म्हणून खंदक. तेव्हा खंदक ही या शब्दाची आई नव्हे, बहीण आहे. किल्ल्याच्या आतल्या दुसऱ्या तटाला हा शब्द लावतात हे खरं, पण तो एक निराळा अर्थ. पुस्तकातला मजकूर गाळणे, हाही एक. खर्च कमी करणे, हा एक. नोकरीतली माणसं कमी करणे, हा अगदी शेवटी आणि बारीक अक्षरात.

कचेरीत हा शब्द अजून कुणाच्या जिभेवर बसलेला नाही. तिथे अजून ‘तखफीफ’च म्हणतात. अप्पा म्हणतात त्याचा अर्थ हलकं करणं, लादलेल्या बैलावरचं थोडं उतरवावं तसं. पण ज्याच्या हातात तो कागद येतो तो काही हलका होत नाही.

आता दुसरी चूक. त्याच पत्रात मी एक ओळ लिहिली होती, ‘संतपूरच्या शिवय्यांना तखफीफ झाली, त्यांना अर्ज चांगला लिहून दिला.’ हे खरं नाही. अर्जाचं इंग्रजी चांगलं आहे. अर्ज चांगला नाही. त्या अर्जाची सुनावणी याच महिन्यात व्हायची आहे आणि त्यावर शिवय्यांची नोकरी परत मिळणं न मिळणं अवलंबून आहे.

सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे मधलं काही गाळायची सवड मला राहणार नाही.

गेल्या पावसाळ्यात अप्पांच्या कचेरीत नवे साहेब आले, मद्रासकडचे. त्यांना उर्दू येत नाही. त्यांनी हुकूम काढला की सगळ्या अहलकारांच्या, म्हणजे कारकुनांच्या, नोकरीची यादी पंधरा दिवसांत इंग्रजीत हवी. नाव, गाव, हुद्दा, रुजू झाल्याचा महिना आणि वर्ष. सत्तावीस वर्षं अप्पांनी उर्दूत कारकुनी केली. त्यांचं अक्षर पाहून लोक नकला करायला शिकले. इंग्रजीत त्यांना फक्त सही येते. आणि यादी करायचं काम त्यांच्याकडेच आलं, कारण जुन्या कागदांचे बस्ते त्यांच्याच ताब्यात.

मग त्यांनी ते बस्ते घरी आणले. आणायची परवानगी नव्हती. संध्याकाळी जेवणाआधी ते ओसरीवर बसून वाचायचे आणि मी लिहायची. “नाम शिवय्या, वल्द गुरुशांतय्या, साकीन संतपूर, तारीख-ए-तकर्रुर दै तेराशे पन्नास फसली.” मी मनात वर्ष इंग्रजीत करायची आणि रकान्यात भरायची. आई ताक घुसळता घुसळता म्हणायची, “सरकारचं दफ्तर माझ्या ओसरीवर आलं म्हणायचं. मग मला बी पगार लावा की.” एकोणीस नावं होती. सात संध्याकाळी लागल्या. खाली अप्पांनी सही केली आणि यादी गेली. मला त्या दिवसांत फार बरं वाटायचं मामा. तुम्ही शिकवलेलं काहीतरी पहिल्यांदा घराच्या कामी आलं, असं.

फसली सालात पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी साल येतं. हे तुम्हीच मला नऊ वर्षांची असताना शिकवलंत, गुलबर्ग्याच्या घरी, आजोबांचं जन्मसाल काढताना. मी एकोणीस वेळा पाचशे नव्वद मिळवले.

साहेबांनी कोष्टकावर लिहिलं होतं, नावं रुजू झाल्याच्या क्रमाने लावावीत. बस्त्यातल्या उर्दू यादीत शिवय्या अकरावे होते आणि दुसरे एक अहलकार बारावे. दोघं तेराशे पन्नास सालातलेच. शिवय्या दै महिन्यातले, म्हणजे नोव्हेंबर. दुसरे खुर्दाद महिन्यातले, म्हणजे एप्रिल. मी दोघांपुढे १९४० लिहिलं. एप्रिल आधी आणि नोव्हेंबर नंतर, म्हणून मी दोघांची अदलाबदल केली.

डिसेंबरात हुकूम आला की या दोघांच्या हुद्द्याच्या दोन जागांपैकी एक राहील, आणि मागून आलेला जाईल.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी शिवय्या आमच्याकडे आले. तुम्ही त्यांना एकदा पाहिलं आहे, किल्ल्यात चाललो होतो तेव्हा वाटेत भेटून ज्यांनी तुम्हाला दफ्तरातली जुनी मोहर दाखवीन म्हटलं होतं तेच, कपाळभर विभूती लावलेले. हातात हरभऱ्याचा ढाळा आणि खिशात कागद. ओसरीच्या कडेला बसले.

“अक्का, हे तेवढं वाचून सांगा. कचेरीत चौघांनी वाचलं आन् चौघांनी चार सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“एकजण म्हनला बदली हाय. एकजण म्हनला पगार कडिमे केलेत, कापलेत. तिसऱ्यानं नुसता पानाचा डबा पुढं केला. तवाच मला समजलं.”

“आणि चौथा?”

“चौथा म्हनला, संतपूरला तुझी जमीन हाय की. खडकावर पेरायलाव व्हय, विचारलो मी त्याला.”

मी वाचून सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू मी हवापाण्याचं बोलत होते. मग म्हणाले, “इंग्रजी कागदात मी मागं हाय म्हनं. असंल. त्यांचा हिशेब निराळा असतोय.”

अर्ज लिहायचा तर नेमणुकीचा मूळ हुकूम पाहायला हवा होता. तो त्यांनी बांबूच्या नळीतून काढला. मोहर अजून लाल होती. दै १३५०. मी सहज विचारलं, ते दिवस आठवतात का.

“न आठवायला काय झालं? दिवाळी नुकतीच झालती. पन्त्या अजून कट्ट्यावरच हुत्या. निलम्मा म्हनली, आता तेल घालू नका, उजेड घरात आलाय.” निलम्मा त्यांची बायको. मग हसून म्हणाले, “ते दुसरं पोरगं तर कैऱ्याच्या दिसांत आलं. त्याला बस्त्याची गाठ मारायला मीच शिकवलो.”

दिवाळी, मग कैऱ्या. मामा, मी तिथेच कागद खाली ठेवला.

फसली साल आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात सुरू होतं. त्याच सालातली दिवाळी आधी येते आणि कैऱ्या नंतर, पण तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं. दैचं १९४० बरोबर होतं. खुर्दादचं १९४१ व्हायला हवं होतं. शिवय्या पाच महिने आधीचे होते आणि मी त्यांना सात महिने मागे टाकलं होतं.

ते गेल्यावर मी माळ्यावरची पेटी काढली. तुमच्याकडे असतानाची माझी वही तीत आहे. माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात ‘फसली + ५९०’ असं आहे, आणि त्याखाली तुमच्या अक्षरात, ‘आजूर, दै, बहमन एवढ्यांनाच. इस्फंदारपासून पुढे ५९१.’ तुम्ही पुरतं शिकवलं होतं. मी अर्धं लक्षात ठेवलं. हे एवढ्यासाठी लिहिते की पुढे कुणी विचारलं तर दोष कुणाचा हे तुमच्या मनात स्पष्ट असावं.

मग घरी राहिलेल्या उर्दू यादीच्या नकलेवरून मी सगळी यादी पुन्हा केली. एकोणीसपैकी बारा जणांचं साल एकाने चुकलं आहे. क्रम मात्र एकाच जागी फिरला आहे.

आता ते दुसरे अहलकार कोण, हे मी तीन पानं टाळत आले आहे. ते जयतीर्थ. तुमचे जयतीर्थ. माझ्या चुकीने राहिली ती तुमच्या मुलाची नोकरी आहे, आणि वैशाखात मी ज्यांच्या घरी यायची आहे त्यांची.

इथे थांबते. दिवा लावायची वेळ झाली आहे, आणि आईने दोनदा हाक मारली.

मंगळवार, ता. ६ फेब्रुवारी

परवा पत्र अर्धं ठेवलं. कालचा दिवस लिहिण्यासारखा नव्हता.

अर्जाचं सांगायचं राहिलं. शिवय्या आले त्या दिवशीच मला चूक कळली होती. अर्ज मी त्यानंतर दोन दिवसांनी लिहिला. त्यात त्यांचे आईवडील आले, तीन मुली आल्या, दहा वर्षांत एकही ठपका नाही हे आलं. अठ्ठेचाळीसच्या धुमश्चक्रीत सगळे गाव सोडून गेले, आपणही सोलापूरला गेलो, तेव्हा हा माणूस दफ्तराच्या खोलीची किल्ली जानव्यासारखी गळ्यात घालून तिथेच राहिला, हेही आलं. दयेची याचना आली. फक्त एक गोष्ट आली नाही. ‘मी आधी रुजू झालो’ हे वाक्य त्या अर्जात नाही. दोन पानांच्या अर्जात कामाचं तेवढं एकच वाक्य होतं आणि ते मी लिहिलं नाही. बाकीचं सगळं सुंदर लिहिलं, ते नसल्याचं दिसू नये म्हणून.

त्यांना मी तो मराठीत वाचून दाखवला. ते ऐकत राहिले, आणि मग म्हणाले, “अक्का, इतका चांगला माणूस तर मी बी वळखत न्हाई.” हात जोडले आणि गेले. ढाळ्यातले हरभरे आईने भाजले. मी माझा वाटा तसाच ठेवला. आई म्हणाली, पित्त झालं असेल.

त्यानंतर तुम्हाला मी ते पत्र लिहिलं, खंदकाचं.

गेल्या गुरुवारी जयतीर्थ नेहमीसारखे जेवायला आले. अप्पा कचेरीतून यायचे होते. मी पाटावर ताट वाढलं आणि विचारलं, तुम्ही कोणत्या महिन्यात रुजू झालात.

“कैऱ्याच्या दिवसांत. कामून?”

“आणि शिवय्या?”

“ते माझ्या आधी. मी आलो तवा ते जुने झाले होते की. पाणी भरणाऱ्या यल्लम्माला बी ठाऊक हाय ते.”

“मग तखफीफ त्यांना कशी झाली?”

ते भात कालवत होते. हात थांबला. “मला वाटलं, इंग्रजीत तसंच असंल.”

“तसंच म्हणजे?”

“म्हणजे, कागद इंग्रजीत आला. साहेबाची सही होती. आपल्याला काय कळतंय त्यातलं? अंबू, खरं सांगू? मी जास्त विचारलंच न्हाई. विचारलं असतं तर कोणीतरी सांगितलं असतं.”

मामा, मला त्यांचा राग आला नाही. यायला हवा होता. पण मीही तेच केलं होतं, फक्त मला इंग्रजी येत होतं. मी त्यांना यादीचं सांगितलं. ऐकून ते उरलेला भात जेवले. हात धुऊन बाहेर आले आणि टॉवेल हातातच धरून उभे राहिले.

“तू हे कुणाला सांगणार हायस?”

“अजून ठरलं नाही.”

“ठरलं की मला आधी सांग. कचेरीत दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको.”

काल सकाळी मी त्यांना निरोप पाठवून सांगितलं की ठरलं. त्यांनी चिठ्ठी पाठवली आहे, दोन ओळींची. ‘बाबांना तू लिही. माझ्या पत्रात मी तुला वाईट ठरवीन, आणि ते मला नको.’ ही चिठ्ठी मी तुम्हाला पाठवत नाही, जवळ ठेवते.

अप्पांना काल संध्याकाळी सांगितलं. वहीतलं तुमचं अक्षर दाखवलं, उर्दू यादी आणि माझी यादी शेजारी ठेवली. त्यांना दोन मिनिटं लागली. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते घरात कधी टोपी काढत नाहीत, तुम्हाला माहीत आहे.

“गुपचूप दुरुस्त करता येईल का?” असं त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, “न्हाई. ती वर गेली.”

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर आली ती पदराला हात पुसतच.

“लगीन मोडायलीस व्हय? तुझ्या सख्ख्या मामाच्या पोराचा घास काढायलीस?”

“तो घास शिवय्यांचा आहे, आई.”

“शिवय्याला भाऊ हायती, जमीन हाय. माझ्या अण्णाला कोण हाय? डोळ्यानं दिसना झालंय त्याला. सगळं घर त्या एका पोरावर हाय. तेवीस सालाची झालीस. ह्या वैशाखाला न्हाई झालं तर कोण येनार हाय तुला बघायला? इंग्रजी येतंय म्हनून येतील?”

ती म्हणाली त्यातलं काहीच खोटं नाही. तुमच्या घरचं मला माहीत आहे. मामी हल्ली कशाकशात भागवतात तेही माहीत आहे. मी हे सगळं नीट जाणून करते आहे, एवढंच म्हणू शकते.

अप्पांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, “बस्ते घरी मी आणलो, सही मी केलो. तू कोण? तुझं नावच न्हाई त्या कागदावर.” मी म्हटलं, अक्षर माझं आहे. ते म्हणाले, “व्हय, ते हाय.” पेन्शनला त्यांची तीन वर्षं राहिली आहेत. काय होईल ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तासाभराने म्हणाले, “मी यायलो न्हाई. साहेबासमोर माझ्यानं उभं राहवणार न्हाई. पर तू जाऊ नको, असं बी मी म्हणायलो न्हाई.”

आज सकाळी मी नवी यादी स्वच्छ लिहून त्यांच्यापुढे ठेवली. एकोणीस नावं, फसली महिना, इंग्रजी महिना आणि साल. त्यांनी प्रत्येक नाव बोट ठेवून उर्दू यादीशी ताडून पाहिलं. एकदा थांबले, मला वाटलं काही म्हणतील. “इथं बिंदी राहिली,” एवढंच म्हणाले. मग खाली सही केली, तारीख घातली आणि कचेरीत गेले. डबा विसरून गेले.

मामा, आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हे पत्र आहे, आणि ते मी शेवटपर्यंत मागे ढकलत आणलं.

पावसाळ्यात ती यादी करताना, अकरावं आणि बारावं नाव फिरवताना, मी थबकले होते. अप्पांनी वाचलेल्या क्रमाने एकही नाव तोवर हललं नव्हतं. ही पहिलीच अदलाबदल. माझ्या मनात आलं की अप्पांना विचारावं, उर्दूत हे आधी कसे. लेखणी उचललेली होती. मग मी पाहिलं की वर जाणारं नाव कुणाचं आहे. आणि मला आनंद झाला. एवढाच. मी काही कट केला नाही, कुणाचं वाईट चिंतलं नाही. तखफीफ होणार आहे हेही तेव्हा माहीत नव्हतं. नुसता आनंद झाला, आणि त्या आनंदात विचारायचं राहिलं. इतके दिवस मी स्वतःला ‘हिशेबाची चूक’ म्हणून सांगत आले. हिशेबाची चूक बारा ठिकाणी झाली. त्या एका ठिकाणी नुसती हिशेबाची नव्हती.

अर्जात वाक्य गाळलं ते मात्र सगळं समजून उमजून गाळलं. त्याला दुसरं नाव नाही.

गेले वीस-बावीस दिवस मी नीट झोपलेली नाही, पण हे दया यावी म्हणून लिहीत नाही. शिवय्याही झोपले नसतील, आणि त्यांना तर कारणही माहीत नाही. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. उद्या सकाळी त्यांच्या बिऱ्हाडी जाऊन सांगणार आहे. निलम्मांसमोर सांगणार आहे. ते काय म्हणतील याची मला साहेबांपेक्षा जास्त भीती वाटते. ते रागावले तर बरं. ‘असू द्या अक्का’ म्हणाले, तर मला कुठे पाहावं कळणार नाही.

सुनावणीला अर्जदाराने सोबत एक दुभाषी आणला तर चालतो, असं हुकुमात आहे. शिवय्यांना इंग्रजी येत नाही. मी दुभाषी म्हणून जाणार आहे. आधी त्यांचं म्हणणं सांगेन, मग माझं. जुना हुकूम, नवी यादी आणि तुमच्या अक्षरातली ती वही बरोबर नेईन. वही नेऊ की नको याचा दोन दिवस विचार केला. तुमचं अक्षर तिथे नेणं म्हणजे तुम्हालाच तिथे उभं करणं. पण नियम साहेबांना कुणीतरी समजावून सांगायला हवा, आणि तुमच्याइतकं थोडक्यात आणि बरोबर कुणी लिहिलेलं माझ्याजवळ नाही. तुम्हाला नको असेल तर तेवढं कळवा, मी ती दोन वाक्यं माझ्या हाताने उतरवून नेईन.

वैशाखाचा मुहूर्त तुम्ही धरलात. तो ठेवायचा की सोडायचा हेही तुम्हीच ठरवा. जयतीर्थांची नोकरी गेली म्हणून मी मागे फिरणार नाही. तुम्ही मागे फिरलात तर तो तुमचा हक्क आहे आणि मी त्यावर एक अक्षर बोलणार नाही. आईलाही बोलू देणार नाही. मामींना हे पत्र तुम्ही स्वतः वाचून दाखवा, शेजारच्यांकडून नको.

पत्र तुम्हाला गुरुवारी किंवा शुक्रवारी मिळेल. तुम्ही लगेच लिहिलंत तर उत्तर मला वेळेत मिळू शकतं. मुद्दाम तेवढे दिवस राहतील असं पाहूनच आज पोस्टात टाकते आहे, कारण तुम्हाला नंतर कळवणं ही तिसरी चूक झाली असती. उत्तर ‘जाऊ नकोस’ असं आलं तर मी ते दोनदा वाचेन आणि जाईन. आजवर तुमचं मी कधी मोडलं नाही. हे एक मोडते.

साहेब अकराला बसतात. नौबादहून चालत तासभर लागतो, तेव्हा मी साडेनऊला निघेन. अप्पा त्या दिवशी रोजच्यासारखे आधीच गेलेले असतील आणि मी आत आले की ते मान वर करणार नाहीत, हे आमचं न बोलता ठरलं आहे.

मामींना नमस्कार. डोळ्याला जपा. माझ्यावर लोभ ठेवा असं या वेळी लिहीत नाही, ते तुमच्यावर सोडते.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
अंबुजा

सुनावणी सोमवारी, ता. १२ फेब्रुवारीला आहे. मी त्या दिवशी जाणार.